लीला राव : घराने घडवलेली विजेती

१९३४ सालची विम्बल्डन स्पर्धा टेनिसच्या इतिहासात दोन नावांनी ओळखली जाते. पुरुष एकेरीत फ्रेड पेरी विजेते ठरले, महिला एकेरीत डोरोथी राउंड. दोघेही इंग्लंडचेच, त्यामुळे यजमानांच्या आनंदाला त्या वर्षी पारावार उरला नव्हता. या जल्लोषात स्पर्धेच्या पहिल्या फेरीतील एका निकालाची फारशी दखल कोणी घेतली नसेल, तर त्यात नवल नाही. मुंबईहून आलेल्या बावीस वर्षांच्या लीला राव यांनी ग्लॅडिस साउथवेल या ब्रिटिश खेळाडूवर मात केली होती. पुढच्याच फेरीत फ्रान्सच्या इडा अॅडमॉफ यांच्याकडून त्या पराभूत झाल्या आणि त्यांची स्पर्धा तिथेच संपली. पण विम्बल्डनमध्ये सामना जिंकणारी पहिली भारतीय महिला म्हणून त्यांची नोंद झाली होती.

या नोंदीकडे दोन प्रकारे पाहता येते. पहिला प्रकार आपल्या अंगवळणी पडलेला आहे. पारतंत्र्याच्या काळात एका भारतीय तरुणीने साहेबाच्या अंगणात जाऊन त्याच्याच खेळात विजय मिळवला, म्हणून अभिमानाने ऊर भरून यावा, हा तो प्रकार. दुसरा प्रकार थोडा गैरसोयीचा आहे. त्या विजयानंतर पुढे काय झाले, असा प्रश्न तो विचारतो. व्यावसायिक खेळाडूंना ग्रँड स्लॅम स्पर्धांची दारे १९६८ साली उघडली. त्या खुल्या युगात मुख्य फेरीतील एकेरीचा सामना जिंकणारी पहिली भारतीय महिला मिळायला १९९८ साल उजाडावे लागले. त्या वर्षी ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये निरुपमा वैद्यनाथन यांनी इटलीच्या ग्लोरिया पिझिकिनी यांना हरवले. लीला राव आणि निरुपमा वैद्यनाथन यांच्या या दोन विजयांमध्ये चौसष्ट वर्षांचे अंतर आहे. एका विजेतीपासून दुसरी विजेती घडण्यास इतका काळ का लागावा, याचे उत्तर लीला राव यांच्या कारकिर्दीतच दडलेले आहे.

लीला राव कोणत्या घरात जन्मल्या, हे त्यासाठी आधी पाहिले पाहिजे. त्यांचे पणजोळ, आजोळ आणि माहेर या सगळ्यांवर विद्येची गडद सावली होती. आजोबा शंकर पांडुरंग पंडित हे एकोणिसाव्या शतकातील मोठे संस्कृत पंडित. अथर्ववेदाची संपादित आवृत्ती आणि तुकारामांच्या गाथेचे संपादन ही त्यांची कामे आजही अभ्यासकांना परिचित आहेत. आई पंडिता क्षमा राव यांचा जन्म १८९० साली पुण्यात झाला. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले, तरी संस्कृतचा वारसा त्यांनी स्वतःच्या जिद्दीने पुढे नेला. सविनय कायदेभंगाच्या लढ्यावर त्यांनी 'सत्याग्रहगीता' हे संस्कृत काव्य रचले आणि ते १९३२ साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाले. ज्ञानेश्वर, तुकाराम आणि रामदास यांची चरित्रेही त्यांनी संस्कृतात लिहिली. लीला यांचे वडील डॉ. राघवेंद्र राव हे मुंबईतील नामांकित वैद्यकतज्ज्ञ होते.

क्षमा राव संस्कृत कवयित्री म्हणून आपल्याला माहीत आहेत. त्या स्वतः टेनिस खेळत आणि स्पर्धाही जिंकत, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. १९२० च्या दशकातील मुंबईत एखादी विवाहित स्त्री सकाळी श्लोकरचना करते आणि संध्याकाळी हातात रॅकेट घेऊन कोर्टावर उतरते, हे चित्र आजही आपल्या ठरीव कल्पनांना धक्का देईल. स्त्रीने घराबाहेर पडून खेळावे की नाही, हा वाद समाजात अजून संपलेला नसताना लीला यांच्या घरात तो केव्हाच संपलेला होता. मुलीला कोर्टावर घेऊन जाणारी आई स्वतःच खेळाडू होती. प्रवासाचा आणि साहित्याचा खर्च पेलणारे उत्पन्न घरात होते. परदेशाविषयी भीड नव्हती, कारण युरोप या कुटुंबाला परका नव्हता. विजेती घडवण्यासाठी जे जे लागते, ते सर्व एका छपराखाली जमून आले होते.

त्या काळात ते तसे जमून यावेच लागे, कारण दुसरा मार्गच नव्हता. १९६८ पूर्वीचे विम्बल्डन केवळ हौशी खेळाडूंसाठी होते. विजेत्याला चषक मिळे, मान मिळे. बक्षिसाची रक्कम मिळत नसे. खेळावर उपजीविका करणारा खेळाडू स्पर्धेस अपात्र ठरे. हौशीपणाचे हे तत्त्व वरकरणी उदात्त वाटते. प्रत्यक्षात ज्यांच्या घरी दोन वेळची भ्रांत नाही त्यांनाच आत सोडणारी ती चाळणी होती. मुंबईच्या बॅलार्ड पियरवरून बोटीत बसायचे, काही आठवडे समुद्रावर काढायचे, इंग्लंडमध्ये उतरून गवताच्या कोर्टाचा सराव करायचा आणि कदाचित पहिल्याच दिवशी हरून परत फिरायचे. या साऱ्याचा खर्च खेळाडूनेच सोसायचा. लीला राव १९३५ साली पुन्हा विम्बल्डनला गेल्या. या वेळी एव्हलिन डिअरमन यांनी त्यांना पहिल्याच फेरीत हरवले.

ही चाळणी अन्यायकारक आहे, हे त्या काळातही काहींनी उघडपणे सांगितले होते. फ्रान्सच्या सुझान लेंग्लेन यांनी १९१९ ते १९२५ या काळात विम्बल्डनचे महिला एकेरीचे विजेतेपद सहा वेळा पटकावले. १९२६ साली त्यांनी हौशी टेनिस सोडून व्यावसायिक खेळ पत्करला. प्रेक्षकांच्या तिकिटांचे पैसे क्लबांच्या तिजोरीत जातात आणि ज्यांना पाहण्यासाठी प्रेक्षक येतात त्या खेळाडूंच्या पदरात मात्र खर्चच पडतो, हा त्यांचा आक्षेप होता. निवृत्तीनंतर १९३० च्या दशकात लेंग्लेन यांनी पॅरिसमध्ये टेनिसचे शिक्षण देणारी शाळा चालवली आणि तिला फ्रान्सच्या टेनिस महासंघाचे पाठबळ लाभले. लेंग्लेन यांनाही त्यांच्या वडिलांनीच घडवले होते. फरक एवढाच की, एका घरात साठलेले ज्ञान तिथे संस्थेच्या स्वाधीन झाले.

भारतात तसे झाले नाही. अखिल भारतीय लॉन टेनिस संघटना १९२० साली स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी भारताचा पुरुष संघ डेव्हिस चषकात उतरला. पदार्पणातच त्याने पॅरिसमध्ये फ्रान्सला हरवले. महिलांसाठी त्या काळी अशी सांघिक स्पर्धा नव्हती, हे खरे. तरीही खेळणाऱ्या स्त्रिया होत्या. १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये नोरा पॉली या भारताच्या वतीने टेनिस खेळल्या. त्याच दशकाच्या अखेरीस जेनी सँडिसन या अँग्लो-इंडियन खेळाडूने विम्बल्डन गाठले. १९३१ ते १९४३ या काळात लीला राव यांनी अखिल भारतीय स्पर्धेचे एकेरीचे विजेतेपद सात वेळा जिंकले. तेरा वर्षांत सात विजेतेपदे, म्हणजे हा काळ भारतीय महिला टेनिसमधील लीला राव यांचा काळ होता, असे म्हणण्यास हरकत नाही.

मात्र या वर्चस्वाचा एक अर्थ असाही होतो की, त्यांना देशात आव्हान देऊ शकणाऱ्या मुली फार थोड्या होत्या. टेनिसची कोर्टे होती ती जिमखान्यांच्या, क्लबांच्या, संस्थानिकांच्या आणि छावण्यांच्या आवारात. काही क्लबांत भारतीयांना सभासदत्वच मिळत नसे. जिथे मिळे, तिथेही ते वकील, डॉक्टर, व्यापारी आणि वरिष्ठ अधिकारी यांच्या कुटुंबांपुरतेच. त्या कुटुंबांतल्या मुलींपैकी खेळण्याची मुभा असणाऱ्या किती आणि लग्नानंतरही खेळत राहणाऱ्या किती, याचा अंदाज कोणालाही बांधता येईल. लीला राव अपवाद होत्या आणि अपवादांचा वारसा सहसा पुढे चालत नाही.

पुढे त्यांचा विवाह हरीश्वर दयाल यांच्याशी झाला. दयाल हे भारतीय नागरी सेवेतील अधिकारी होते. स्वातंत्र्यानंतर त्यांनी गंगटोकमध्ये पोलिटिकल ऑफिसर म्हणून काम पाहिले आणि नंतर ते नेपाळमध्ये भारताचे राजदूत झाले. १९६४ साली एव्हरेस्टच्या पायथ्याच्या खुंबू भागात प्रवासात असताना त्यांचे निधन झाले. या वर्षांत लीला राव-दयाल यांची प्रतिभा दुसऱ्या वाटांनी वाहू लागली होती. त्यांनी भारतीय नृत्यावर ग्रंथ लिहिले, आईच्या कथांना संस्कृत नाटकांचे रूप दिले. संस्कृत साहित्याच्या अभ्यासकांना आज त्या नाटककार म्हणून भेटतात, तर टेनिसच्या नोंदवह्यांत त्या केवळ एका निकालापुरत्या उरतात. दोन्हीकडच्या लीला राव एकच, हे अनेकांच्या लक्षातही येत नाही. आजोबांची आणि आईची विद्या ग्रंथांच्या रूपाने टिकली, कारण त्यांच्यासाठी ग्रंथालये होती, विद्यापीठे होती, विद्वानांच्या सभा होत्या. बारा-तेरा वर्षे देशाच्या टेनिसवर राज्य करताना मिळवलेले ज्ञान मात्र कोणाच्या हाती सोपवायचे, यासाठी एकही जागा नव्हती.

स्वातंत्र्यानंतर ती जागा निर्माण करण्याची संधी आली होती. देशाच्या पहिल्या आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर या स्वतः टेनिसच्या खेळाडू. त्यांच्या नावाने १९५३ साली क्रीडा प्रशिक्षणाची योजना सुरू झाली. १९६१ साली पतियाळा येथे राष्ट्रीय क्रीडा संस्था उभी राहिली. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धांनंतर, १९८४ मध्ये, भारतीय क्रीडा प्राधिकरण आणि पहिले राष्ट्रीय क्रीडा धोरण आले. म्हणजे राज्यसंस्थेने खेळाकडे पाठ फिरवली होती, असे म्हणता येणार नाही. पण या सर्व प्रयत्नांत मुलींचे टेनिस कोठे होते? पुरुषांच्या बाजूला रामनाथन कृष्णन १९६० आणि १९६१ साली विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत पोहोचले. डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीत भारत १९६६, १९७४ आणि १९८७ साली जाऊन आला. महिलांसाठी फेडरेशन चषक ही सांघिक स्पर्धा १९६३ साली सुरू झाली. भारताचा महिला संघ तीत पहिल्यांदा खेळला तो १९९१ साली. पुरुषांचा संघ जगात उतरला १९२१ मध्ये आणि महिलांचा १९९१ मध्ये. हे सत्तर वर्षांचे अंतर गुणवत्तेने निर्माण केलेले नाही. कोणाला पाठवायचे, कोणावर खर्च करायचा, याविषयीच्या निर्णयांनी ते निर्माण केले.

आता या पार्श्वभूमीवर पुढच्या विजेत्या कशा घडल्या, ते पाहू. निरुपमा वैद्यनाथन कोइम्बतूरच्या. त्यांना टेनिस शिकवले त्यांच्या वडिलांनी. सानिया मिर्झा हैदराबादच्या. २००५ साली आपल्याच शहरात त्यांनी महिला टेनिस संघटनेच्या स्पर्धेचे एकेरीचे विजेतेपद मिळवले, २००७ साली एकेरीच्या क्रमवारीत त्या सत्ताविसाव्या स्थानापर्यंत पोहोचल्या, दुहेरीत जगात पहिल्या क्रमांकावर गेल्या आणि दुहेरी व मिश्र दुहेरी मिळून सहा ग्रँड स्लॅम विजेतेपदांच्या मानकरी झाल्या. त्यांच्याही जडणघडणीत सर्वांत मोठा वाटा वडिलांचा. अंकिता रैना मूळच्या अहमदाबादच्या; चांगल्या प्रशिक्षणासाठी त्या कुटुंबासह पुण्यात आल्या. गावे वेगळी, भाषा वेगळ्या, काळ वेगळा; पण गोष्ट तीच. राव कुटुंबाने १९३० च्या दशकात जे केले, तेच पुढच्या कुटुंबांनी आपापल्या ऐपतीनुसार आणि बहुधा ऐपतीपलीकडे जाऊन केले. या कुटुंबांना मुजरा करावा तेवढा थोडाच. परंतु एखाद्या देशाचे क्रीडा धोरण आईवडिलांच्या त्यागावर उभे असेल, तर त्याला धोरण म्हणायचे की योगायोग, हे एकदा ठरवायला हवे.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. टेनिस हा जगभरच घरातून घडणारा, वैयक्तिक आणि खर्चीक खेळ आहे. ज्या देशात असंख्य शाळांना धड मैदान नाही, तिथे सार्वजनिक पैसा कोर्टांवर का खर्च करावा, असा तो आक्षेप. प्राधान्यक्रमाचा मुद्दा योग्यच आहे. पण टेनिस घरातूनच घडते, हे पूर्णतः खरे नाही. चीनचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक ठरते. तिथल्या सरकारी यंत्रणेने महिला टेनिसवर जाणीवपूर्वक भर दिला. २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये ली टिंग आणि सुन तियानतियान यांनी महिला दुहेरीचे सुवर्णपदक जिंकले. त्यानंतर ली ना यांच्यासारख्या खेळाडूंना यंत्रणेची पकड जाचू लागली, तेव्हा २००८ च्या सुमारास त्यांना स्वतःचा प्रशिक्षक आणि स्वतःचे वेळापत्रक ठरवण्याची मोकळीक देण्यात आली. मिळकतीतील सरकारी वाटाही बराच कमी करण्यात आला. ली ना यांनी २०११ साली फ्रेंच ओपन जिंकली. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये झेंग किनवेन एकेरीच्या सुवर्णपदकाच्या मानकरी ठरल्या. चीनची राज्यव्यवस्था आपल्याला अनुकरणीय नाही आणि तिथल्या क्रीडाशाळांची कठोर शिस्तही नाही. मात्र मुलीचे खेळणे घराच्या ऐपतीपासून वेगळे काढता येते आणि वेळ आली की यंत्रणेला मागेही सरता येते, या दोन गोष्टी तिथे सिद्ध झाल्या.

आपल्याकडे नेमकी उणीव आहे ती मधल्या टप्प्यात. दहा-बारा वर्षांच्या मुलींसाठी शिबिरे आता बरीच दिसतात. दुसऱ्या टोकाला, ऑलिम्पिक पदकाच्या आवाक्यातील खेळाडूंसाठी २०१४ पासून केंद्राची स्वतंत्र योजना आहे. खरी परीक्षा असते ती सोळा ते बावीस या वयात. शाळा संपलेली, महाविद्यालय सुरू झालेले, क्रमवारीत नाव अजून वर आलेले नाही. या टप्प्यावर खेळाडूला पंधरा हजार डॉलरच्या छोट्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळत गुण गोळा करावे लागतात. ही रक्कम एका खेळाडूची नव्हे, साऱ्या स्पर्धेच्या बक्षिसांची एकूण रक्कम असते. त्यातून विमानाचे तिकीट, निवास, आहार आणि प्रशिक्षकाचे मानधन भागत नाही. मुलगी असेल तर सोबत कोण जाणार, हा खर्च वेगळाच. बहुतेक कुटुंबे इथे थांबतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही.

म्हणूनच या टप्प्यावर केलेली छोटी गुंतवणूकही मोठा परिणाम घडवू शकते. देशातच अधिक स्पर्धा झाल्या, तर विमानप्रवासाचा खर्च वाचतो आणि घरच्या प्रेक्षकांसमोर गुण मिळवता येतात. मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियामध्ये होणारी महिलांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा, २०२२ साली चेन्नईत झालेली स्पर्धा, २०२५ च्या एप्रिलमध्ये पुण्याजवळच्या बालेवाडीत झालेले बिली जीन किंग चषकाचे सामने, ही या दिशेची आश्वासक पावले होत. प्रश्न सातत्याचा आहे. मुंबईची स्पर्धा २०१७ आणि २०१८ साली झाली आणि त्यानंतर थेट २०२४ साली. सतरा वर्षांच्या खेळाडूसाठी सहा वर्षांचा खंड म्हणजे जवळजवळ अख्खी उमेद.

संसदेने २०२५ साली संमत केलेल्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यात क्रीडा महासंघांच्या कार्यकारिणीवर किमान चार महिला असाव्यात, अशी तरतूद आहे. नामवंत खेळाडूंनाही तीत स्थान मिळायचे आहे. ही सुधारणा स्वागतार्ह आहे. परंतु खुर्च्या मिळाल्याने निर्णय बदलतातच असे नाही. महासंघांनी दरवर्षी तीन साध्या गोष्टी जाहीर केल्या, तर बदल झाला की नाही ते कळेल. मुलींच्या आणि मुलांच्या प्रवासावर किती खर्च झाला, देशात मुलींसाठी किती मानांकन स्पर्धा झाल्या आणि सोळाव्या वर्षी राष्ट्रीय स्तरावर खेळणाऱ्या मुलींपैकी किती जणी विसाव्या वर्षीही खेळत आहेत. तिसरा आकडा सर्वांत बोलका ठरेल. पदके मोजताना वर आलेल्यांचीच गणना होते. वाटेत थांबलेल्यांची मोजणी झाली, तरच धोरण कुठे कमी पडले ते दिसते.

लीला राव यांचा १९३४ चा विजय आठवायचा तो यासाठी. त्यांच्यासारखी गुणवत्ता त्या काळी मुंबईतल्या एकाच घरात होती, असे मानण्यास काही आधार नाही. कोर्टापर्यंत पोहोचण्याची वाट मात्र एखाद्याच घरातून निघत होती. आज कोर्टे वाढली आहेत, बक्षिसे वाढली आहेत, मुलींनी खेळावे की नाही हा वादही बऱ्याच अंशी मागे पडला आहे. वाट मात्र अजूनही घराच्या उंबरठ्यावरूनच सुरू होते आणि घरची ऐपत संपते तिथे संपते. रॅकेट हाती असलेली आई किंवा सर्व सोडून मुलीला शिकवणारे वडील प्रत्येकीला मिळणार नाहीत. ज्यांना ते मिळणार नाहीत, त्यांच्यासाठीच तर सार्वजनिक संस्था असतात.